बिनगड्ड्याचा कांदा

मद्रासच्या तिरुवल्लिक्केणीतल्या मराठी घरांमध्ये कनकाबाईंच्या नाकाचा मोठा दबदबा होता. गल्लीत कुणाचं दूध लागलं, कुणाचं तूप जुनं झालं, कोपऱ्यावरच्या घरात भाड्याने आलेल्या नव्या मंडळींनी फोडणीत काय टाकलं, हे सगळं त्या आपल्या चुलीपुढे बसल्या बसल्या सांगत. शेजारच्या बायका लोण्याची बरणी पदराखाली झाकून आणायच्या. कनकाबाई झाकण उचलून जरा वाकायच्या आणि "आजच कढवा" किंवा "टाकून द्या" म्हणायच्या. त्यावर पुन्हा विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आणि जे नाकाला पटत नसे ते तोंडाने बोलून दाखवायला त्यांनी कधी कमी केलं नाही. 'छी' हा त्यांचा सकाळचा पहिला शब्द आणि रात्रीचाही बहुधा शेवटचा.

या नाकाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे कांदा. तंजावरच्या माध्व घरातला जन्म, तिथे कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत कधी आलाच नाही. पण कनकाबाईंना कांदा चालत नसे तो काही फक्त शास्त्रात सांगितलंय म्हणून नव्हे. त्यांच्या पोटालाच तो सोसत नसे. बसमध्ये शेजारी कुणी कांद्याचा वडा खाऊन आलेला बसला की त्या मधल्याच थांब्यावर उतरून उन्हातून चालत घरी यायच्या आणि न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायच्या. यात ढोंग नव्हतं. त्यांना खरोखरच मळमळायचं.

ढोंग होतं ते दुसरीकडे, पण ते कळायला कनकाबाईंचा निम्म्याहून जास्त संसार जायचा होता.

त्यांचे यजमान वादिराजराव बंदराजवळच्या एका गोऱ्या कंपनीत हेड क्लार्क होते. उंच, गोरे, अंगावर गोपीचंदनाच्या ठसठशीत मुद्रा, कपाळावर काळी रेघ आणि खाली अक्षत, आणि आवाज असा की पहाटे त्यांनी स्तोत्र सुरू केलं की समोरच्या घरातली म्हातारी दचकून उठे. त्यांचं सोवळं पाहण्यासारखं होतं. म्हणजे कुणी पाहत असलं की फारच. काठीवर वाळत टाकलेल्या धोतराला वाऱ्याने शेजाऱ्याच्या मुंडूचा, म्हणजे लुंगीचा, स्पर्श झाला तर ते पुन्हा भिजवायला लावायचे. भिजवायचं अर्थात कनकाबाईंनी.

या दोघांना एकच मुलगी, कुमुदिनी. तिच्यासाठी स्थळ वादिराजरावांनीच शोधलं होतं. मुलगा साताऱ्याकडचा, कृष्णकांत नावाचा, मद्रासजवळच्या आवडी गावी नव्याने निघालेल्या सरकारी कारखान्यात नोकरीला. देशस्थ, पत्रिका जुळलेली, गोत्र वेगळं. वादिराजराव चार महिने सगळ्या गल्लीला "सेंट्रल गव्हर्न्मेंट, सेंट्रल गव्हर्न्मेंट" ऐकवत हिंडत होते. कृष्णकांतच्या घरात काय शिजतं हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. तंजावरकडच्यांना वाटायचं, आपल्या जातीचं घर म्हणजे आपल्यासारखंच घर. महाराष्ट्रात देशस्थ ब्राह्मण घरोघरी कांदा चिरतात, हे यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

लग्नानंतर कनकाबाई आणि वादिराजराव पहिल्यांदा लेकीकडे आवडीच्या क्वार्टर्समध्ये गेले, तेव्हा कुमुदिनीने मोठ्या हौसेने, नवऱ्याकडून शिकून केलेलं थालीपीठ वाढलं. ताटाजवळ येण्याआधीच कनकाबाईंना कळलं होतं. त्यांनी पदर नाकाला लावला आणि मुलीकडे पाहिलं. मुलगी घाबरून गेली. वादिराजरावांनी मात्र घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि मग उठले. हा क्रम तेव्हा कुणाच्या लक्षात राहिला नाही. ते तडक बाहेरच्या सार्वजनिक नळावर गेले आणि धोतरासकट डोक्यावर पाणी ओतून घेतलं. क्वार्टर्समधल्या बायका आपापल्या दारात येऊन बघत होत्या.

"या घरचं पाणी मला नको," निथळत्या अंगाने त्यांनी सांगून टाकलं, "आणि या घरच्या माणसाला माझी चूल नाही. लेक असो, जांवई असो."

कुमुदिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. कनकाबाईंनी स्टेशनच्या फलाटावर टोकाला जाऊन ओकारी काढली, आणि घरी येईपर्यंत त्याही मनातून नवऱ्याच्याच बाजूला होत्या. हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या हाताने वाढवलेल्या मुलीच्या अंगाला तो वास यावा याची त्यांना इतकी शिसारी आली होती की त्या रात्री त्यांनी तिचं नावही काढलं नाही.

त्यानंतर कुमुदिनी कधी आलीच तर बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसायची. तिला कॉफी वेगळ्या पेल्यात मिळायची. पेला ती स्वतः विसळून उपडा ठेवून जायची.

दुसऱ्या वर्षी आषाढात वादिराजराव एके संध्याकाळी हातरिक्षातून उतरले, ते मातीच्या तीन कुंड्या घेऊन. कुंड्यांमध्ये बारीक, पोकळ, हिरव्यागार पात्यांचे झुबके होते. रिक्षा दारात थांबायच्या आतच कनकाबाई आतून ओरडल्या.

"अहो! हें काय आणलांत?"

"साहेबाचं रोप आहे. चाइव्हज म्हणतात. उटीहून आणवलेलं आहे दोरैने," वादिराजराव कुंड्या मागच्या अंगणात ठेववत म्हणाले. साहेबाला ते दोरै म्हणत आणि त्याच्या मडमेला दोरसानी. "तो सुट्टीवर विलायतेला चालला. माळी पाण्यात बुडवून मारतो म्हणून दोरसानीला काळजी. मीच म्हटलों, माझी बायको सांभाळील."

"कांदा आहे तो!"

"कांदा कसा? गड्डा कोठे आहे? शास्त्रात कांदा निषिद्ध म्हणजे गड्डा निषिद्ध. हें गवत आहे."

"गवताला असला वास? अय्यय्यो, मागच्या कोल्लैत माझी तुळस आहे!"

"तुळस त्या बाजूला, हें या बाजूला. आणि हें बघ, साहेब पोंगलनंतर परत येतो तेव्हां मॅनेजरच्या हाताखालची जागा रिकामी होते. समजलें?"

समजलं. कनकाबाईंना एवढंच समजलं की लेकीच्या घरचा कांदा डोक्यावर नळ उघडायला लावतो आणि साहेबाच्या घरचा कांदा रिक्षात बसून येतो. हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनीच तो दाबून टाकला. नवऱ्याबद्दल असं मनात आणायची सवय नव्हती.

मग सुरू झाली ती सेवा. सेवाच म्हणायची, कारण घरच्या देवांनाही एवढे लाड नव्हते. दोरसानीने वादिराजरावांना तोंडपाठ करून सांगितलं होतं आणि त्यांनी ते जसंच्या तसं बायकोच्या गळ्यात घातलं. दुपारचं ऊन लागू द्यायचं नाही. माती ओली हवी पण चिखल नको. पाती वाढली की मुळाशी दोन बोटं सोडून कात्रीने सरळ कापायची, म्हणजे पुन्हा फुटतात. झुबका दाटला की उपटून वेगळा करून लावायचा. फूल येऊ द्यायचं नाही.

कनकाबाई नाकाला फडकं बांधून हे सगळं करायच्या. विहिरीच्या कठड्याची सावली दुपारनंतर पूर्वेकडे पडते, तिथे त्यांनी कुंड्या सरकवल्या. मद्रासच्या उन्हात ते उटीचं रोप टिकणं कठीण, पाती टोकाशी पिवळी पडायला लागली. तेव्हा त्यांनी मातीत नदीची वाळू मिसळली, भोवती ओली गोणपाटं लावली आणि तांदळाचं धुवण घालायला सुरुवात केली. साहेबाचा माळी एकदा येऊन मासे धुतलेलं पाणी डबाभर ठेवून गेला होता, त्याला हे फार चांगलं खत असतं म्हणे. तो डबा कनकाबाईंनी काठीच्या टोकाने ढकलत ढकलत गल्लीच्या गटारापर्यंत नेला आणि ती काठीसुद्धा तिथेच टाकली. पात्यांवर चिकट काळे किडे पडायचे. ते पाण्याच्या धारेने उडवताना पात मोडायची आणि तो वास भपकन वर यायचा. त्यांना उमासा यायचा. तोंड बाजूला करून त्या थुंकायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. एखाद्या गोष्टीचा इतका मनापासून तिरस्कार करून ती इतकी चांगली वाढवणारं दुसरं माणूस आख्ख्या मद्रासेत सापडलं नसतं.

श्रावणात त्यांनी एक झुबका उपटून वेगळा केला, तेव्हा प्रत्येक पात्याच्या बुडाशी इवलासा पांढरा गड्डा होता. साबुदाण्याच्या दाण्याएवढा, पण सालीसकट अगदी कांदाच. तळहातावर घेऊन त्या वादिराजरावांकडे गेल्या.

"हा बघा तुमचा गड्डा."

"तीं मुळं आहेत," वादिराजराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

कापलेल्या पातीचं काय करायचं हा प्रश्न होता. ती कनकाबाई केळीच्या पानात गुंडाळून कचऱ्याच्या कुंडीत टाकून यायच्या. मग आंघोळ. मग चिंच आणि राख घेऊन हात चोळायचे, इतके की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. त्याच सुमाराला वादिराजरावांनी एक नवी आवड काढली. जेवणाच्या शेवटचा दहीभात ते पान हातात घेऊन मागच्या पडवीत जाऊन खाऊ लागले. तिथे वारा येतो म्हणाले. कनकाबाईंना बरंच वाटलं. माणूस मागच्या बाजूला कधी फिरकत नसे, आता निदान तुळशीकडे तरी बघेल.

दिवाळीच्या आसपास एका रविवारी कृष्णकांत आला. एकटाच आला आणि न सांगता तिण्णैवर बसला. आत यायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. कनकाबाई ताकाचा पेला घेऊन बाहेर गेल्या.

"आई, कुमुदला सातवा लागलाय," तो म्हणाला. "पाय सुजतात. डॉक्टरीण म्हणाली रक्त कमी आहे. माझी आई नाही, तुम्हाला माहीतच आहे. मी दिवसभर कारखान्यात. शेजारच्या बायका करतात, पण किती करणार? पहिलं बाळंतपण आहे. ती तोंडाने म्हणत नाही, पण रात्री झोपेत 'अम्मा, अम्मा' करते. तुम्ही तिला घेऊन या."

कनकाबाईंचा हात पेल्यावरच राहिला. त्यांनी दाराकडे पाहिलं. आतून खडावांचा आवाज आला आणि मग तो मोठा आवाज.

"सांग त्याला, तिच्या अंगाला त्या घरचें अन्न लागलेलें आहे. माझ्या देवघरापलीकडच्या खोलीत तें चालणार नाही. हॉस्पिटलं आहेत सरकारची."

कृष्णकांतने ताक प्यायलं, पेला विसळला आणि उपडा ठेवला. सासूच्या पाया पडला. त्या काहीतरी म्हणतील म्हणून क्षणभर थांबला. कनकाबाईंनी उपडा पेला उचलला. नवरा म्हणतो ते सोवळ्याला धरून आहे आणि सोवळं आपलंही आहे, असं त्या स्वतःला बजावत होत्या. पण आत जाऊन चुलीपुढे बसल्यावर त्यांना दिसत होते ते फक्त सुजलेले पाय. पहिल्या बाळंतपणाला आपल्या घरात मुलगी आली नाही असं त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं.

आणि त्याच दिवसांत देवघरात वास यायला लागला.

आधी त्यांना वाटलं भास असेल. मग रोज यायला लागला. सकाळी पूजा चालू असताना, फुलांच्या, चंदनाच्या, तुपाच्या वासाच्या खालून तो हलकेच वर यायचा. कांदा. कनकाबाईंनी देवघर तीनदा धुतलं. पंचपात्र, ताम्हन, समया चिंचेने घासल्या. वास जाईना.

"तुझ्या हाताचा आहे," वादिराजराव म्हणाले. "रोज तें कापतेस. कातडीत मुरला असेल."

"मी न्हाऊन येतें तरी?"

"मग आणखी काय? देवघरात तूं आणि मी. माझ्या हाताचा तर नव्हे."

खरंच होतं. कनकाबाई हात नाकाशी नेऊन नेऊन हुंगायच्या. कधी वाटायचं येतोय, कधी वाटायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या नाकाची खात्री वाटेना. वादिराजरावांनी मठातल्या कृष्णस्वामी आचारांना विचारून घेतलं आणि प्रायश्चित्त आणलं. महिनाभर रोज सकाळी पंचगव्य, एकभुक्त, आणि कुंड्यांना हात लावायचा नाही.

"कुंड्या आजपासून मीच बघेन," वादिराजराव उदारपणे म्हणाले.

कनकाबाईंचा ऊर भरून आला. एवढा मोठा माणूस आपल्या दोषासाठी रोपांना पाणी घालणार! त्या रोज ओलेत्याने बसून शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप यांचं ते मिश्रण तळहातावर घेऊन गिळायच्या. वादिराजराव मंत्र म्हणायचे. एकदा शेजारच्या सीतालक्ष्मी तुपाची बरणी घेऊन आल्या, तेव्हा कनकाबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि बरणी परत दिली. "मला नाही कळत आतां, माझं नाक गेलें," असं म्हणून त्या आत निघून गेल्या. सीतालक्ष्मी बरणी घेऊन बराच वेळ दारातच उभ्या होत्या.

मार्गशीर्षात वैकुंठ एकादशी आली. सगळं तिरुवल्लिक्केणी पहाटे देवळात लोटलं होतं. कनकाबाईंनी निर्जळी केली. वादिराजरावांनीही केली, म्हणजे तसं त्यांनी आल्यागेल्याला सांगितलं. ओट्यावर बसून उपासाचं माहात्म्य त्यांनी इतक्यांना ऐकवलं की ऐकणाऱ्यांनाच भूक लागावी. एकादशीला विडा खायचा नसतो. एरवी वादिराजरावांच्या तोंडात जेवण झाल्यापासून विडा, आणि विड्यात दोन लवंगा असायच्या. त्या दिवशी अर्थातच नव्हत्या.

द्वादशीचं पारणं लवकर असतं. उजाडता उजाडता पूजा झाली आणि वादिराजराव तीर्थ द्यायला वळले. कनकाबाई उपासाने गळून गेल्या होत्या. त्या वाकून, उजवा तळहात खोलगट करून पुढे धरून उभ्या राहिल्या. वादिराजराव पळी धरून जवळ आले आणि वाकून मंत्र म्हणू लागले.

तो वास सरळ त्यांच्या तोंडातून आला.

शिळा, आंबलेला, रात्रभर रिकाम्या पोटात राहिलेला कांद्याचा वास. कनकाबाईंनी डोळे उघडले. पळी धरलेल्या अंगठ्याच्या नखाला हिरवी कड होती. कात्रीने कापलं तर नखाला रंग लागत नाही. खुडलं तर लागतो.

तीर्थ तळहातावर होतं आणि वादिराजराव मंत्राची पुढली ओळ म्हणत होते. कनकाबाईंना एकाएकी सगळं दिसायला लागलं. पडवीतला दहीभात. तिथला वारा. 'तीं मुळं आहेत.' 'माझ्या हाताचा तर नव्हे.' हा माणूस मागे जाऊन दहीभातात पात कुस्करून खात होता, वरून लवंग चघळत होता, आणि त्याच तोंडाने देवापुढे बसून बायकोच्या हाताला वास येतो म्हणत होता. त्याने ते शेण आणि मूत आपल्याला गिळायला लावलं. समोर बसून गिळताना पाहिलं. मंत्र म्हटले. आणि काल, एकादशीच्या दिवशीसुद्धा, त्याला तो हिरवा चारा सुटला नाही.

कांदा खाल्ला याची त्यांना चीड आली नाही, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. खाणारे खातात. बसमधला तो वडा खाणारा बिचारा निदान तोंड उघडून बसला होता. त्यांना किळस आली ती नवऱ्याची. इतकी वर्षं ज्याच्या पानातलं उष्टं त्यांनी प्रसाद म्हणून खाल्लं त्याची. त्याच्या मंत्राची, त्याच्या मुद्रांची, जमिनीपासून दोन बोटं वर धरून चालायच्या त्या धोतराची.

त्यांनी तीर्थ प्यायलं नाही. तसंच तळहातावर धरून त्या मागच्या दाराने गेल्या आणि तुळशीच्या मुळाशी ओतलं. परत आल्या तर वादिराजराव पळी हातात घेऊन तसेच उभे होते.

पुढचे दिवस कनकाबाईंनी स्वयंपाक केला, वाढलं, धुणं धुतलं. फक्त पंचगव्य घेतलं नाही आणि नवऱ्याच्या पानात जेवायला बसल्या नाहीत. वादिराजरावांचा दहीभात पुन्हा आत आला होता. तो वाढताना त्यांच्या तोंडाजवळ वाकावं लागे, तेव्हा कनकाबाई श्वास धरून ठेवायच्या.

रविवारी सकाळीच त्यांनी नेसूचं नऊवारी बदललं आणि "आवडीला जाऊन येतें" एवढंच सांगून त्या निघाल्या. विचारलं नाही, सांगितलं. सेंट्रलवरून आवडीच्या गाडीत त्या पहिल्यांदाच एकट्या बसल्या होत्या.

कुमुदिनीला नववा लागला होता. दार उघडून आईला एकटीला बघताच तिने मागे अण्णा, म्हणजे वडील, आले आहेत का ते डोकावून पाहिलं. घरात कांद्याची फोडणी दिलेली होती, भिंतीपलीकडच्या घरातही दिलेली होती, आख्ख्या क्वार्टर्सला तो वास होता. कनकाबाई पदर नाकाला लावून आत गेल्या आणि मुलीचे पाय पाहिले. बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

"ट्रंक भर," त्या कृष्णकांतला म्हणाल्या. "हिचीं लुगडीं, दुपटीं, काय असेल तें."

"पण आई, अण्णा..."

"भर म्हटलें की."

दुपारी सेंट्रलवरून टॅक्सी करून तिघं तिरुवल्लिक्केणीत पोचली. गल्लीत एरवी टॅक्सी येत नसे, त्यामुळे लोक बघायला बाहेर आले. तिण्णैवर वादिराजराव बसले होते, शेजारी मठातले कृष्णस्वामी आचार. दोघांपुढे विड्याचं तबक होतं. टॅक्सीतून कुमुदिनी अवघडून उतरली, तिला कृष्णकांतने हात दिला, आणि वादिराजराव ताडकन उभे राहिले. ऐकणारे होते, त्यामुळे आवाज चढला.

"थांब! उंबऱ्याला पाय लावूं नको. या घरात आजवर कांद्याची सावली..."

"हें आचारांच्या जवळ बसून सांगा," कनकाबाई म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत. टॅक्सीचं दार एका हाताने धरून नवऱ्याकडे सरळ पाहत म्हणाल्या. वादिराजराव थांबले.

"अगदी जवळ बसा. तो विडा थुंका, चूळ भरा, मग तोंड उघडून सांगा. मला आचारांनीच प्रायश्चित्त दिलेलें आहे. वास कोणाचा तें त्यांनाही कळूं दे."

आचार एकदा कनकाबाईंकडे, एकदा यजमानांकडे पाहू लागले. त्यांना काही कळलं नव्हतं, पण काहीतरी कळण्यासारखं आहे एवढं कळलं होतं. त्यांनी मान जरा वादिराजरावांच्या दिशेने पुढे केली. वादिराजरावांनी तोंड मिटलं. ज्या आवाजाने गल्ली पहाटे उठत असे तो आवाज गालात विड्यासकट अडकून राहिला, आणि ओठ त्यांनी घट्ट दाबून धरले. मग ते बाजूला झाले.

"चल गे आंत," कनकाबाई मुलीला म्हणाल्या. "जांवईबापू, ट्रंक देवघरापलीकडच्या खोलीत ठेवा."

उंबरा ओलांडून कुमुदिनी आत आली. दीड वर्षाने आली. मधल्या खोलीतल्या खांबाला टेकून तिने दम घेतला आणि मग आईने अंथरलेल्या चटईवर हळूच बसली. तिने पदर सगळीकडून घट्ट आवळून घेतला होता, जणू काही सांडेल. कनकाबाई तेलाची वाटी आणि फणी घेऊन तिच्या मागे बसल्या.

"अम्मा," कुमुदिनी मागे न बघता म्हणाली, "माझ्या अंगाला वास येतो कां गे?"

कनकाबाईंनी तिच्या केसांत नाक घातलं. नारळाचं तेल होतं, घाम होता, आगगाडीचा कोळसा होता, आणि त्या सगळ्यांच्या आत तो होताच. सकाळच्या फोडणीचा. आपलं नाक कुठेही गेलेलं नाही, हे त्यांना त्या वेळी पक्कं कळलं.

"येतो," त्या म्हणाल्या.

कुमुदिनीने मान खाली घातली.

"येतो तर येवो," कनकाबाईंनी तिची हनुवटी धरून डोकं सरळ केलं. "मान वर कर. वेणी वांकडी येते."